डोळ्याचं ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी

आम्ही बचत गटाच्या बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलो आहोत. आजचा विषय डोळ्यांचा आहे. गटाच्या बैठकीत हा विषय अनेकदा निघतो आणि दर वेळी कोणीतरी म्हणतं, "अगं, मोतीबिंदूच असणार, होईल ऑपरेशन, घाई काय आहे?" हे वाक्य आम्हीही म्हटलं आहे. त्याची किंमत आमच्यातल्या एकीनं मोजली. तेच आज सांगायचं आहे.

आमच्या गटात दोन बाया आहेत, एकाच गल्लीतल्या. एकीला आम्ही काकू म्हणतो, दुसरीला आत्याबाई. नावं सांगू नका असं दोघींनीही बजावलं आहे. तीन वर्षांपूर्वी दोघींची तक्रार एकच होती, दिसत नाही. काकूंना हप्त्याच्या वहीतला आकडा दिसेना, तांदळातला खडा दिसेना. आत्याबाईंना समोरचं बऱ्यापैकी दिसायचं, पण दाराची चौकट खांद्याला लागायची आणि बाजूनं आलेलं वासरू अंगावर येईपर्यंत कळायचं नाही. संध्याकाळी दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं गोल कडं दिसतं, असंही त्या सांगायच्या. मधूनच अर्धं डोकं दुखायचं, उलटी व्हायची. आम्ही म्हणायचो, पित्त आहे, उपाशी राहू नका. दोघींची नावं आम्ही मोतीबिंदूच्या शिबिरासाठी लिहून ठेवली आणि म्हणालो, थंडी पडू द्या, मग करू.

थंडी पडली. काकूंचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवसांत त्या सुईत दोरा ओवायला लागल्या, अर्थात जवळचा चष्मा लावून. आत्याबाईंच्या डोळ्यांचा दाब त्याच दिवशी पहिल्यांदा मोजला गेला. डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नस वाळली आहे, तिथली नजर आता परत येणार नाही. डावा डोळा वाचवू.

नावात दोन्हीकडे बिंदू आहे म्हणून आपण दोन्ही दुखणी एकाच पंक्तीला बसवतो. पण मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येते. काचबिंदूनं गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशननं, कुठल्याही लेझरनं आणि कुठल्याही गावच्या औषधानं परत येत नाही. तिथे उपचार असतो तो उरलेली नजर राखायचा. म्हणून "दिसत नाही" असं म्हणणाऱ्या बाईला थांब म्हणण्याआधी दोहोंपैकी काय आहे ते तपासून घ्यावं लागतं.

आधी मोतीबिंदू. बाहुलीच्या मागे डोळ्यात एक भिंग असतं, मोठ्या मसुरीच्या आकाराचं आणि काचेसारखं स्वच्छ. अंड्याचा पांढरा भाग शिजला की जसा पारदर्शक राहत नाही, तसंच वय वाढल्यावर हे भिंग गढूळ होतं. मधुमेह असेल, डोळ्याला मार लागला असेल किंवा स्टिरॉइडची औषधं बरीच वर्षं घेतली असतील तर लवकर होतं. त्यावर थेंब नाहीत, गोळी नाही. मध, कांद्याचा रस, बाळंतिणीचं दूध डोळ्यात घालून भिंग स्वच्छ होत नाही, डोळ्यात जंतू मात्र जातात. गढूळ भिंग काढायचं आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवायचं, हा एकच उपाय आहे.

हे बसवायचं भिंग आलं कुठून, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाची काच फुटून तिचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते. ती काच म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक होतं. लंडनचे डॉक्टर हॅरोल्ड रिडली यांनी पाहिलं की हे तुकडे डोळ्यात तसेच राहिले तरी डोळा चिडत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात प्लास्टिकचं भिंग बसवलं. आपल्याकडे ही भिंगं पुष्कळ वर्षं परदेशातून यायची आणि गरिबाला परवडायची नाहीत. तमिळनाडूत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं १९९२ मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंग स्वस्त झालं. आज तालुक्याच्या गावी फुकट ऑपरेशनमध्येही भिंग बसतं, त्यामागे अशा लोकांचे कष्ट आहेत. पूर्वी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात असलेले डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव तर आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं असेल.

आता ते "पिकू दे" प्रकरण. आमच्या सासवा म्हणायच्या की मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या काळी अख्खं भिंग मोठा छेद घेऊन बाहेर काढायचे, टाके घालायचे, रोग्याला डोकं न हलवता बरेच दिवस पडून राहायला लागायचं आणि पुढे जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. एवढं सगळं सोसायचं तर दिसणं पार कमी झाल्यावरच सोसावं, हा तेव्हाचा हिशेब बरोबर होता. आता ऑपरेशनच बदललं आहे, हिशेबही बदलायला हवा. रोजच्या कामात अडथळा यायला लागला की ऑपरेशन करता येतं. उलट फार पिकू दिलं तर भिंग कडक होतं, काढायला अवघड जातं. कधी ते फुगतं, कधी त्यातला द्राव पाझरतो आणि डोळ्यातला दाब एकाएकी वाढतो. म्हणजे मोतीबिंदूनंच काचबिंदू ओढवतो. तेव्हा घाई नको, पण वर्षानुवर्षं उशीरही नको.

आणि थंडीचं काय? काही नाही. पूर्वी घाम, धूळ, टाके यांमुळे लोक थंडी बघायचे. आजचं ऑपरेशन मे महिन्यातही होतं आणि पावसाळ्यातही होतं. आत्याबाईंचे ते चार महिने आम्ही थंडीच्या नावानं घालवले, हे आम्हाला अजून बोचतं.

ऑपरेशन दोन पद्धतींनी होतं. एक फेको. त्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा छेद घेतात, बारीक सुईच्या टोकातून येणाऱ्या ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात आणि घडी घातलेलं नवं भिंग आत सोडतात, ते आत उलगडतं. दुसरी लहान छेदाची बिनटाक्याची पद्धत. त्यात छेद थोडा मोठा, सहा-सात मिलिमीटरचा असतो, पण तो तिरका, बोगद्यासारखा घेतात, म्हणून आपोआप मिटतो. सरकारी दवाखान्यात आणि शिबिरात ही दुसरी पद्धत पुष्कळ वापरतात. ती हलक्या दर्जाची आहे असं समजू नका, फार पिकलेल्या मोतीबिंदूला ती सोयीची पडते. दोन्ही पद्धतींत भूल फक्त डोळ्यापुरती असते, थेंबांनी किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन. माणूस जागा असतो. काम साधारण पंधरा-वीस मिनिटांचं. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी घरी सोडतात, लांबच्या म्हाताऱ्या माणसांना कुठे कुठे एक रात्र ठेवून घेतात.

"लेझरनं मोतीबिंदू काढून मिळेल" अशा जाहिराती तालुक्याच्या स्टँडवर लागलेल्या असतात. त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. लेझरचा झोत मारला आणि मोतीबिंदू विरघळला असं होत नाही. एक महागडं लेझर यंत्र आहे, त्यानं छेद घेण्यासारखी सुरुवातीची काही कामं होतात. पुढे भिंग ध्वनिलहरींनीच फोडून काढावं लागतं. साध्या फेकोपेक्षा त्यानं नजर जास्त चांगली होते असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आमच्या एका बहिणीनं त्यासाठी गटातून कर्ज काढायला अर्ज केला होता. आम्ही तिला म्हटलं, बाई, ते पैसे शेळीला घाल.

भिंगाच्या किमतीचंही तसंच. साधं एका अंतराचं भिंग बसवलं की लांबचं चांगलं दिसतं, वाचायला आणि धान्य निवडायला चष्मा लागतो. महागड्या भिंगांनी काहींचा तो चष्माही सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसण्याचा त्रास काहींना होतो. ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावं. दागिना मोडून घेऊ नये.

मोतीबिंदूत लेझरचा खरा उपयोग नंतर असतो. ऑपरेशन होऊन काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काहींना पुन्हा धूसर दिसायला लागतं. लोक म्हणतात, मोतीबिंदू पुन्हा आला, ऑपरेशन फसलं. तसं नसतं. नवं भिंग ज्या पातळ पिशवीत बसवलेलं असतं, तिचा मागचा पडदा गढूळ होतो. याग नावाच्या लेझरनं त्या पडद्याला मधोमध एक खिडकी पाडतात. यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं, टिकटिक ऐकायची, पाच मिनिटांत काम संपतं. सुई नाही, पट्टी नाही.

आता काचबिंदू. तो समजावून सांगायला आम्ही बैठकीत मोरीचं उदाहरण देतो. डोळ्यात सतत थोडं थोडं पाणी तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत, डोळ्याच्या आतलं पाणी आहे. ते डोळ्याच्या कडेला असलेल्या एका बारीक जाळीतून निघून जातं, मोरीच्या जाळीतून जावं तसं. जाळी हळूहळू तुंबली की पाणी साठतं, दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस चेपून चेपून वाळते. यात दुखत नाही, डोळा लाल होत नाही. आधी बाजूचं दिसणं जातं, समोरचं शेवटी जातं. म्हणून बाईला वाटतं, मला तर दिसतंय.

काचबिंदूचा दुसरा प्रकार आपल्या बायकांत पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. त्यात जाळी तुंबलेली नसते. डोळ्यातला तो काळा-तपकिरी पडदा, ज्याच्या मधोमध बाहुली असते, पुढे सरकून जाळीवर बसतो. मोरीवर ओलं पोतं पडावं तसं. मग दाब एकाएकी चढतो, डोळा आणि अर्धं डोकं फुटल्यासारखं दुखतं, मळमळतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. कधी हे थोडक्यात निवळतं आणि पुन्हा येतं. आत्याबाईंचं हेच होत होतं आणि आम्ही त्यांना पित्ताची गोळी देत होतो. मैत्रिणींनो, डोकेदुखी आणि उलटीबरोबर डोळा लाल झाला असेल, दिसणं धूसर झालं असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. सकाळची वाट पाहायची नाही.

या पोत्यावर लेझरचा उपाय आहे. पडद्याच्या कडेला लेझरनं टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतात. पडद्यामागे अडकलेलं पाणी त्यातून पुढे येतं, पडदा मागे सरकतो, मोरी मोकळी होते. आत्याबाईंच्या डाव्या डोळ्याला हेच केलं. त्या सांगतात, थेंब घालून बसवलं, डोळ्यावर एक काच टेकवली, दोन-चार वेळा टिचकी मारल्यासारखं वाटलं आणि झालं. तासाभरानं पुन्हा दाब मोजला आणि घरी पाठवलं. जाळी तुंबण्याच्या पहिल्या प्रकारातही लेझर आहे. त्यात जाळीवरच बारीक ठिपके देतात, त्यानं पाणी पुन्हा झिरपायला लागतं. इंग्लंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१९ मध्ये आला. सुरुवातीलाच हे लेझर केलेल्यांपैकी शंभरात सुमारे चौऱ्याहत्तर जणांना तीन वर्षांनीही थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला होता. पण या लेझरचा गुण हळूहळू कमी होऊ शकतो, म्हणून तपासणीला जात राहावं लागतं.

लेझर नको असेल किंवा पुरत नसेल तर रोजचे थेंब. थेंबांनीही भागलं नाही तर ऑपरेशन, ज्यात वरच्या पापणीखाली पाण्याला नवी वाट करून देतात. हे ऑपरेशनही बऱ्याच ठिकाणी एका दिवसात होतं, पण त्यानंतर पहिले काही आठवडे वरचेवर दाखवायला जावं लागतं. तिथे आळस चालत नाही. मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही असतील तर कधी कधी दोन्ही कामं एकाच वेळी करतात. मोरीवर पोतं बसण्याच्या प्रकारात तर नुसतं जाड झालेलं भिंग काढल्यानंही कित्येकांची वाट मोकळी होते.

काचबिंदूच्या थेंबांविषयी एक धोक्याची गोष्ट. टिमोलॉल नावाचे थेंब खूप वापरले जातात आणि चांगले आहेत, पण दमा असलेल्या बाईला त्यांनी दम लागू शकतो. डोळ्यात घातलेलं औषध अंगात जातं, हे आपल्याला पटत नाही, पण ते जातं. म्हणून दमा असेल, नाडी मंद असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. शेजारणीची बाटली उसनी आणायची नाही. याच्याही पुढची गोष्ट, डोळे आले की मेडिकलमधून लाली जायचे म्हणून थेंब आणतो ना, त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असतं. चिठ्ठीशिवाय ते महिनोन्महिने घातलं तर काचबिंदू होतो.

सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन भिंगासकट मोफत होतं. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या सरकारी पाहणीत पन्नाशीपुढच्या अंध माणसांपैकी शंभरात सहासष्ट जण मोतीबिंदूमुळे अंध होते. म्हणजे ऑपरेशन फुकट आहे, पंधरा मिनिटांचं आहे, आणि तरीही लोक आंधळे राहतात, त्यात बाया जास्त. का, ते आम्हाला विचारा. स्वयंपाक कोण करील, बरोबर कोण येईल, एका माणसाची मजुरी बुडेल, आणि म्हातारीला आता काय बघायचंय. हे शेवटचं वाक्य आम्ही सुनांच्या तोंडून ऐकलं आहे, म्हाताऱ्यांच्या स्वतःच्या तोंडूनही ऐकलं आहे.

म्हणून आमच्या गटानं कर्ज देण्यापेक्षा पाळी लावली. ऑपरेशनच्या बाईबरोबर जायला एक जण, आठवडाभर तिच्या चुलीचं बघायला दोघी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आहे, तो खर्च आता अडत नाही. जाताना जुन्या औषधांची पिशवी उचलून न्यायची. साखर आणि रक्तदाब आधी तपासतात. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर सांगायचं, स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. घरातल्या काकांचं ऑपरेशन असेल तर लघवीसाठी घेत असलेली गोळीही सांगायची, तिच्यातल्या काहींनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. लाजून लपवू नये.

घरी आल्यावर थेंब साधारण महिना-दीड महिना असतात, आधी दिवसातून बरेच वेळा, मग कमी कमी. अक्षरओळख नसलेल्या बाईसाठी आम्ही कॅलेंडरवर बाटलीच्या टोपणाच्या रंगाचे ठिपके काढून देतो, थेंब घातला की त्यावर काट मारायची. हात धुवायचे, खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. डोळा चोळायचा नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. डोकं न्हायचं तर मागे मान टाकून दुसरीकडून न्हाऊन घ्यायचं. चुलीचा धूर, मळणीची धूळ, पाण्याची घागर काही दिवस दूर. खाण्याचं पथ्य मात्र काही नाही. आंबट खाल्लं की डोळा पिकतो, हे आमच्या गल्लीत अजून सांगतात. काकूंनी तिसऱ्या दिवशी चिंचेचा सार खाल्ला, काही झालं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, लाली वाढली, पापणी सुजली, आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. असं क्वचितच होतं. पण डोळ्याच्या आत जंतू गेले असतील तर काही तासांच्या उशिरानं डोळा जातो.

शिबिरात चष्म्याचा नंबर काढला, मोतीबिंदू आहे का ते बॅटरीनं पाहिलं, म्हणजे डोळे तपासले असं नव्हे. डोळ्याचा दाब मोजा, मागची नस बघा, असं तोंड उघडून सांगायचं. नुसता दाब बरा आला म्हणजे सुटलो असंही नाही, काहींचा दाब नेहमीसारखा असून नस वाळत असते, म्हणून दोन्ही हवं. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेहींनी आणि आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असलेल्यांनी हे करायचंच.

आत्याबाईंना तपासणीला नेते ती त्यांची लेक. पहिल्या दोन खेपांना ती बाकावर पिशवी धरून बसून राहिली. तिसऱ्या खेपेला नर्सबाईंनी तिलाही खुर्चीत बसवलं. वय बेचाळीस, तक्रार काही नाही, नजर चांगली. पण तिच्याही डोळ्यांतली वाट आईसारखीच अरुंद निघाली. दोन्ही डोळ्यांना लेझरनं भोकं पाडली, एका डोळ्याला त्या दिवशी, दुसऱ्याला पुढच्या आठवड्यात. दोन्ही वेळा संध्याकाळच्या एसटीनं ती परत आली आणि रात्रीच्या भाकऱ्या तिनंच थापल्या. खरं तर त्या दिवशी पाळी आमची होती.